स्नायू सोडतो कसा?



आंदरमावळ, नाणेमावळ आणि पवनमावळ या खोऱ्यांतून ज्यांची वस्ती आहे, लोहगड-विसापूर, तुंग-तिकोना आणि राजमाची ज्यांना घराच्या अंगणातून दिसतात, आणि ज्यांच्या घरच्या बायकांनी आषाढाच्या धारांखाली पोटरीभर चिखलात उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या भाताची लावणी केली, त्या मावळच्या लोकांना पायांचे आणि पाठीचे मोल मी येऊन सांगावे, असे मुळीच नाही. या मुलुखाचा इतिहासच मुळी चढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या शरीरांचा इतिहास आहे. परंतु ज्या वस्तूवर आपण आयुष्यभर भार टाकतो, तिच्या आत नेमके काय घडते हे पाहण्याची उत्सुकता आपल्याला क्वचितच होते. आणि ती उत्सुकता जागी व्हावी एवढ्याचसाठी आजच्या व्याख्यानाला मी हा विषय घेतला आहे.

त्याला एक स्थानिक कारणही आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून नौली आणि उड्डियान या यौगिक क्रियांवर केलेले प्रयोग ते प्रसिद्ध करू लागले. नौली म्हणजे काय? पोटाच्या दोन स्नायूंना, आणि केवळ त्या दोघांनाच, हुकमतीत आणणे. म्हणजे आजचा विषय याच गावात शंभर वर्षांपूर्वी प्रयोगाच्या मेजावर येऊन बसलेला आहे. तेथपर्यंत मी तुम्हांला नेणार आहे. मात्र वाट सूक्ष्मदर्शकातून जाते, आणि ती थोडी चढाची आहे.

माझे मुख्य म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. स्नायू आवळतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु स्नायू सोडतो, आणि हे सोडणे आपोआप घडत नसून त्यासाठी त्याला श्रम करावे लागतात, शक्ती खर्चावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्नायूची सारी करामत या सोडण्यात आहे, असे माझे मत आहे.

प्रथम रचना पाहू. मी येथे हाडांना जोडलेल्या, आपल्या इच्छेने चालणाऱ्या स्नायूंविषयीच बोलत आहे. हृदयाचा आणि आतड्याचा स्नायू निराळ्या जातीचा आहे. आपल्या देहाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग या हाडांच्या स्नायूंचा असतो. दंडाचा किंवा मांडीचा स्नायू आडवा छेदून पाहिला, तर तो जुड्यांचा बनलेला दिसतो. प्रत्येक जुडीत अनेक तंतू असतात. आणि तंतूला, जुडीला व समग्र स्नायूला संयोजी ऊतीची वेगवेगळी आवरणे असून हीच आवरणे पुढे एकवटून कंडरेत विलीन होतात व हाडाला घट्ट धरतात. यातील एक-एक तंतू म्हणजे एक-एक पेशी आहे. पण कसली पेशी! गर्भावस्थेत अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, त्यामुळे तिच्यात एक केंद्रक नसून शेकडो असतात. तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते, आणि लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर भरू शकते.

हा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यावर आडवे पट्टे दिसतात. एक गडद, एक फिकट, पुन्हा गडद, पुन्हा फिकट. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून हे पट्टे पाहिले होते. पाहिले, परंतु त्यांचा अर्थ लागण्यास पावणेतीनशे वर्षे जावी लागली. पट्टे येतात कोठून? प्रत्येक तंतूच्या पोटात त्याहून बारीक असे शेकडो सूक्ष्मतंतू शेजारी शेजारी पसरलेले असतात. त्यांपैकी प्रत्येक सूक्ष्मतंतू एकापुढे एक जोडलेल्या समान खंडांचा बनलेला असतो. या खंडाला सार्कोमिअर म्हणतात. स्नायू विसावलेला असताना त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे सव्वादोन ते अडीच पट. म्हणजे एका सेंटिमीटरच्या ओळीत हे खंड चार हजारांहून अधिक भरतात.

आता या खंडाच्या आत डोकावू, कारण येथेच सारे रहस्य आहे. खंडाच्या दोन्ही टोकांना एक-एक सीमारेषा असते. त्या सीमारेषांपासून आतल्या बाजूस बारीक धागे निघतात. ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे. खंडाच्या मधोमध जाड धागे असतात, ते मायोसिनचे. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत थोडे आत शिरलेले असतात, आणि आडवा छेद घेतला तर एका जाड धाग्याभोवती सहा बारीक धागे अशी नेटकी षट्‌कोनी मांडणी दिसते. जाड धागे जेथे आहेत तेथे पट्टा गडद. जेथे केवळ बारीक आहेत तेथे फिकट. याखेरीज टायटिन नावाचे एक प्रचंड प्रथिन जाड धाग्यांना सीमारेषेशी बांधून ठेवते. मानवी शरीरातील प्रथिनांत आकाराने त्याच्याइतके मोठे दुसरे नाही, आणि स्नायू ताणला गेला असता त्याला पुन्हा जागेवर आणणारी लवचीकता बऱ्याच अंशी त्याची आहे.

मग स्नायू आखूड होतो म्हणजे काय होते? दीर्घकाळ असा समज होता की, प्रथिनाचे धागेच आकसतात, दुमडतात. १९५४ साली मे महिन्यात ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा. दुसरा ह्यू हक्सले आणि विदुषी जीन हॅन्सन यांचा. दोघा हक्सल्यांचे आडनाव एक, पण नाते काही नाही. दोन्ही जोड्यांनी निरनिराळ्या साधनांनी एकच गोष्ट दाखवली: स्नायू आखूड होतो तेव्हा गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते, अरुंद होतो तो फिकट पट्टा. याचा अर्थ कोणताही धागा आखूड होत नाही. बारीक धागे जाड धाग्यांवरून आत सरकतात, आणि सीमारेषा एकमेकींच्या जवळ येतात. किती साधे उत्तर! आणि साधे म्हणूनच ते सुचण्यास इतका काळ लागला, असे मला वाटते.

हे सरकवण्याचे काम करतो मायोसिन. जाड धाग्यातून दोन्ही बाजूंस त्याची शेकडो डोकी बाहेर आलेली असतात. रहाट नसलेल्या विहिरीवर पोहरा शेंदणारी बाई जशी एका हाताने दोर धरून खेचते, दुसऱ्या हाताने त्याच्या पुढे धरते, मग पहिला हात सोडून तो पुन्हा पुढे नेते, तसे मायोसिनचे प्रत्येक डोके ॲक्टिनला धरते, मान मोडून खेचते, सोडते, आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा धरते. एका हिसक्यात धागा सरकतो तो जेमतेम मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा. परंतु असंख्य डोकी असंख्य खंडांतून हेच करीत असतात, आणि त्या क्षुद्र हिसक्यांच्या बेरजेतून भाताचे पोते उचलले जाते. लक्षात घ्या, हात पुढे नेण्यासाठी तो आधी सुटला पाहिजे. न सोडणारा हात पोहरा वर आणू शकत नाही.

आणि आता मी मघाच्या म्हणण्याकडे येतो. हे डोके सुटते कशाने? एटीपी, अर्थात ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, हे शरीराचे चालते नाणे होय. आपली सहज समजूत अशी की, शक्ती लागते ती खेचण्याला. रसायनशास्त्र सांगते ते निराळे आहे. एटीपीचा कण मायोसिनच्या डोक्याला येऊन चिकटतो तेव्हा त्याची ॲक्टिनवरील पकड सुटते; नंतर त्या कणाचे विघटन होऊन मिळालेल्या शक्तीने डोके पुन्हा ताठ होते, आणि पुढच्या खेचण्यास सिद्ध होते. एटीपी मिळाले नाही तर काय होईल? याचे उत्तर प्रत्येक घराने एकदा तरी पाहिलेले आहे, आणि मी ते आदरपूर्वकच उच्चारतो. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठरतो. त्या ताठरतेत जोर नाही. पुरवठा थांबला, एटीपी संपले, आणि धरलेली डोकी सोडविणारे कोणी उरले नाही, एवढेच तिचे कारण. पुढे एक-दोन दिवसांत प्रथिनेच विघटित होऊ लागतात, तेव्हा ती ताठरता जाते. जिवंत स्नायूचा मऊपणा हा असा क्षणोक्षणी खर्च करून राखलेला मऊपणा आहे.

या एटीपीच्या शोधात एका भारतीयाचा वाटा आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांतून जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्यासह काम करीत असताना, १९२७ साली त्यांनी स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन प्रकाशात आणले, आणि १९२९ साली, जर्मनीतील लोमान यांच्याशी संबंध नसताना, स्वतंत्रपणे स्नायूतून एटीपीही वेगळे केले. स्नायूत एटीपीची शिल्लक जोराच्या कामात काही सेकंदच पुरते. ती भरून काढणारी पहिली तातडीची तरतूद म्हणजे हे फॉस्फोक्रिएटिन, आणि तेही दहाएक सेकंदांतच ओसरू लागते. मग साखर, मग प्राणवायूच्या साहाय्याने साखर आणि चरबी. तो तपशील आज बाजूला ठेवतो.

स्नायूला आज्ञा कशी मिळते, हे थोडक्यात सांगतो. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आपल्या फांद्यांनी अनेक स्नायुतंतूंना जोडलेली असते, आणि ती उद्दीपित झाली की ते सर्व तंतू एकदम आवळतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशा एका चेतापेशीच्या ताब्यात थोडेसेच तंतू असतात. पोटरीच्या स्नायूत ते हजाराच्याही वर जातात. नाजूक कामाला लहान तुकडी, जोराच्या कामाला मोठी. संदेश तंतूपाशी पोहोचला की ॲसिटिलकोलिन हे द्रव्य स्रवते, तंतूच्या पृष्ठावरून विद्युत्-लहर धावते, ती बारीक नलिकांतून आत उतरते, आणि आतील कोशांत साठवलेले कॅल्शियम एकदम मोकळे होते. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी या कॅल्शियमचे कार्य प्रकाशात आणले: ॲक्टिनवरील धरण्याच्या जागा एरवी झाकलेल्या असतात, आणि कॅल्शियम येताच ते झाकण बाजूला सरते.

येथेही प्रश्न पुन्हा सोडण्याचाच आहे. आज्ञा संपल्यावर काय? ॲसिटिलकोलिन नष्ट करणारे एक विकर तेथे सज्ज असते. ते आपले काम करते. मोकळे झालेले कॅल्शियम उपसून पुन्हा कोशांत भरावे लागते, आणि हा उपसा फुकट होत नाही. कॅल्शियमच्या दर दोन कणांमागे एटीपीचा एक कण खर्ची पडतो. आणि सर्वांत वर, मज्जारज्जूत, आवळण्याची आज्ञा देणाऱ्या चेतापेशींना आवर घालणाऱ्या दुसऱ्या चेतापेशी असतात. धनुर्वाताचे विष नेमके या आवर घालणाऱ्यांचे तोंड बंद करते. मग स्नायू आवळतच राहतात, जबडा मिटतो, आणि पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंहून बलवान असल्याने देह धनुष्यासारखा मागे वाकतो. शेतात पायाला खिळा किंवा काटा लागला असता ज्यांच्या घरी अजूनही हळद दाबून वेळ मारून नेली जाते, त्यांना मी कळकळीने सांगतो: जखम धुवा, आणि लस घ्या.

आता लोणावळ्याकडे वळू. स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ साली गुजरातेत डभोई येथे जन्म. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योगाचे. अशा मनुष्याला श्रद्धा पुरेशी झाली असती. ती पुरेशी झाली नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते. लोणावळ्यास येण्यापूर्वीच त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने या क्रियांचा अभ्यास आरंभला होता.

नौलीत घडते काय? साधक प्रथम श्वास पूर्ण बाहेर टाकतो, आणि घसा मिटून, श्वास आत न घेता, छाती श्वास घेतल्यासारखी फुलवतो. श्वासपटल वर उचलले जाते, पोट खोल आत जाते, हे उड्डियान. मग त्या खोलगट पोटाच्या मध्यभागातून दोन उभे स्नायू दोराप्रमाणे वर उठतात, आणि दोन्ही कुशी मात्र तशाच मऊ, खोल राहतात. ही मध्यम नौली. उजवा एकटा उठला तर दक्षिण, डावा एकटा उठला तर वाम. हे उभे स्नायू म्हणजे रेक्टस ॲबडॉमिनिस. जघनास्थीपासून पाचव्या, सहाव्या व सातव्या फासळीच्या कूर्चांपर्यंत ते जातात, आणि मधल्या पांढऱ्या रेषेने एकमेकांपासून अलग झालेले असतात.

आता विचार करा. खोकताना, ओझे उचलताना, कुंथताना आपण पोट आवळतो तेव्हा हे उभे स्नायू आणि कुशीतील तिन्ही थरांचे स्नायू एकत्रच आवळले जातात. त्यांना चेतना पुरवणाऱ्या नसाही त्याच, छातीच्या खालच्या भागातून निघालेल्या. एकाच नसेतून उभ्या स्नायूचे धागे जातात आणि कुशीच्या स्नायूंचेही. तेव्हा साधकाला करावयाचे असते ते असे की, त्याच नसेतून जाणाऱ्या धाग्यांपैकी काहींना आज्ञा द्यावयाची आणि शेजारच्यांना द्यावयाची नाही. नौली शिकणाऱ्याची अडचण कशात असते? उभे स्नायू आवळण्यात ती फारशी नसते. कुशी सोडून देण्यात असते. जो कुशी सोडावयास शिकला, त्याची नौली उठली.

स्वामीजी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मोठ्या आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली, आणि नौलीच्या वेळी आतील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली उतरतो, हे दाखवून दिले. श्वासपटल वर गेलेले आणि उभ्या स्नायूंनी पोटाची भिंत पुढे ओढलेली, अशा स्थितीत आत पोकळी निर्माण होते, आणि म्हणूनच बस्ती या आतडे धुण्याच्या यौगिक क्रियेत पाणी स्वतःहून आत ओढले जाते. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. गुरूची पूजा दाबमापकाच्या आकड्यांनी करणारा हा शिष्य मला फार मोठा वाटतो. त्यांची कीर्ती ऐकून येल विद्यापीठातील कोवूर बेहानन हे मानसशास्त्रज्ञ लोणावळ्यास येऊन राहिले, आणि योगाची शास्त्रीय परीक्षा करणारा ग्रंथ त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केला.

शवासनाचा विचारही याच प्रकाशात करावा. सुईसारखे विद्युदग्र स्नायूत टोचून, किंवा चकतीसारखे स्नायूवरील त्वचेवर ठेवून, त्यातील विद्युत्-स्पंदने नोंदवता येतात. पूर्ण शिथिल झालेल्या स्नायूत यंत्राला एकही स्पंदन मिळत नाही. रेषा सरळ जाते. आपल्यापैकी बहुतेकांच्या खांद्यांत आणि कपाळात ती, आपण स्वस्थ बसलो आहोत असे आपल्याला वाटत असतानाही, सरळ जात नाही.

परंतु स्नायूचे सोडणे सर्वत्र सुखाचेच असते काय? येथे मला दोन उदाहरणे याच तालुक्यातील द्यावयाची आहेत.

पहिले लोहगडाचे. लोहगडवाडीतून पायऱ्या चढून जाणाऱ्या शहरी पाहुण्याला धाप लागते चढताना, पण मांड्या धरतात त्या उतरल्यावर, आणि त्याही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. असे का? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत होत देह उचलतो. उतरताना तोच स्नायू देहाला सावरून धरतो, पण त्याच वेळी ताणला जात असतो. मायोसिनची डोकी स्वेच्छेने सुटण्याऐवजी भाराने ओढून सोडवली जातात. यात काही खंड मर्यादेबाहेर ताणले जातात, सीमारेषा विस्कटतात, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत जी दुरुस्ती चालते तिचा ठणका आपल्याला जाणवतो. लॅक्टिक आम्ल साठल्याने पाय दुखतात, ही सर्वत्र रूढ झालेली समजूत चुकीची आहे. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. आणि वाडीतील मनुष्य तीच वाट रोज उतरतो, तरी त्याच्या मांड्या धरत नाहीत. कारण एकदा असा ताण सोसून दुरुस्त झालेला स्नायू पुढच्या वेळी कितीतरी कमी दुखावतो.

दुसरे उदाहरण लावणीचे, आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. माणूस कमरेतून वाकू लागला की पाठीचे उभे स्नायू त्याला सावरण्यासाठी जोराने काम करतात. परंतु तो पूर्ण वाकला की एक विलक्षण गोष्ट घडते: ते स्नायू अकस्मात शांत होतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या इंग्रज संशोधकांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत विद्युत्-नोंदी घेऊन ही गोष्ट सिद्ध केली. यंत्राची रेषा शवासनातल्यासारखी सरळ जाते. मग धडाचा भार कोण घेते? कण्याच्या पाठीमागचे बंध आणि मणक्यांमधील चकत्या. बंधांना आवळता येत नाही आणि सोडताही येत नाही. ते केवळ ताणले जातात, दीर्घकाळ ताणले की हळूहळू सैलावतात, आणि पूर्ववत होण्यास त्यांना ताणाच्या काळाहून कितीतरी अधिक काळ लागतो. डोक्यावर इरले घेऊन, कमरेत दुमडून, दिवसभर चिखलात रोपे खोवणाऱ्या स्त्रीची पाठ ज्या वेळी यंत्राला शांत दिसेल, त्या वेळी तिच्या बंधांवर सर्वांत अधिक भार असू शकेल. आणि बांधावर येऊन ती ताठ होऊ पाहते तेव्हा, बंध सैलावलेले असतानाच, शांत झालेल्या स्नायूंवर सारा भार एकदम येऊन पडतो. संध्याकाळी ती कमरेवर हात ठेवून बसते, आणि घरचे लोक म्हणतात, लावणीत हे व्हायचेच.

व्हायचेच का? ज्या गावात योग्याच्या पोटातील दाब पाऱ्याच्या नळीने मोजला गेला, त्या गावाच्या भोवतालच्या खाचरांत हा प्रश्नही मोजूनच विचारला गेला पाहिजे. विद्युत्-स्पंदने नोंदणारी यंत्रे आता तळहातावर मावतात. आंदरमावळात, नाणेमावळात आणि पवनमावळात, येत्या आषाढात लावणीच्या हंगामाआधी, ऐन हंगामात आणि हंगाम संपल्यावर, राजी असतील त्या स्त्रियांच्या पाठीची नोंद घ्यावी. किती वेळाने एकदा ताठ उभे राहिले असता बंध सावरतात, दोन ओळींमध्ये किती विसावा पुरतो, ओळीने रोपे लावणारे यंत्र हातात आले तर पाठीवरील भार खरोखर किती उतरतो, हे आकड्यांत मांडावे. आणि ते आकडे प्रथम ज्यांच्या पाठीवरून घेतले त्या बायकांना त्यांच्याच भाषेत वाचून दाखवावेत. तालुक्यातील महाविद्यालयांचे अध्यापक आणि विद्यार्थी येथे बसले आहेत. यंत्रांची आणि डॉक्टरांची व्यवस्था करण्यासाठी पुण्यातील वैद्यकीय संस्थांना पत्र लिहिण्याचे काम मी माझ्याकडे घेतो. खाचरांपर्यंत जाण्याचे आणि त्या स्त्रियांची संमती मिळवण्याचे काम तुम्ही घ्यावे, अशी माझी तुम्हांला विनंती आहे.